‘अकाउंट हॅक झाले’ म्हणजे नेमके काय झाले?

बेळगावात, खानापुरात किंवा निपाणीत आज ‘माझे अकाउंट हॅक झाले’ हे वाक्य इतक्या सहज कानावर पडते की त्याचा अर्थ विचारायचे आपण सोडूनच दिले आहे. कोणाच्या व्हॉट्सॲपवरून नातेवाइकांकडे परस्पर पैशांची मागणी गेली, युवक मंडळाचे फेसबुक पान भलत्याच माणसाच्या हातात गेले, बँकेच्या खात्यातून रक्कम वजा झाली, किंवा कोणीतरी आपला फोटो आणि नाव लावून दुसरेच खाते उघडले, तरी या चारही प्रसंगांसाठी आपल्याकडे हा एकच शब्द आहे. यांपैकी शेवटच्या प्रसंगात आपल्या खात्याला कोणी हातही लावलेला नसतो. तेथे पासवर्ड बदलून काहीही साधत नाही, ते बनावट खाते तक्रार करून बंद करवून घ्यावे लागते. उरलेल्या तिन्ही प्रसंगांत खाते खरोखरच गेलेले असते, पण ते गेलेले असते वेगवेगळ्या वाटांनी, आणि वाट ठाऊक नसेल तर बंदोबस्त भलत्याच दाराशी केला जातो.

संगणकासमोर बसून कोणी एक माणूस आपल्याच खात्याचा पासवर्ड ओळखण्याचा खटाटोप करीत आहे, असे चित्र मनात असेल तर ते बाजूला ठेवावे. बहुतेक संकेतस्थळे काही चुकीच्या प्रयत्नांनंतर दार लावून घेतात, त्यामुळे त्या वाटेला फारसे कोणी जात नाही. दुसऱ्या एखाद्या ठिकाणाहून चोरीला गेलेला आपलाच पासवर्ड वापरून, आपल्याकडूनच किल्ली मागून घेऊन, किंवा आपल्या फोनमध्ये शिरून चोर आत येतो. या तिन्ही वाटांच्या मागे आणखी एक गोष्ट उभी असते आणि तिच्याकडे आपले लक्ष सर्वांत कमी असते. ‘पासवर्ड विसरलात का?’ या शब्दांवर बोट ठेवल्यावर ज्या ईमेल पत्त्यावर आणि ज्या मोबाइल क्रमांकावर नवी किल्ली पाठवली जाते, तो पत्ता आणि तो क्रमांक आज कोणाच्या ताब्यात आहे? सीमाभागातील अनेक घरांत या प्रश्नाचे उत्तर ‘माझ्या’ असे ठामपणे देता येत नाही, आणि माझ्या मते आपल्याकडचा खरा धोका तेथेच आहे.

जोंधळे, पीठ आणि मीठ

आधी पासवर्डचे पाहू. आपण एखाद्या संकेतस्थळावर पासवर्ड ठरवतो, तेव्हा जबाबदार कंपनी तो जसाच्या तसा लिहून ठेवत नाही. ती त्यावर ‘हॅशिंग’ नावाची एक गणिती प्रक्रिया करते आणि त्यातून निघालेली अक्षरांची माळ तेवढी साठवते. ही प्रक्रिया पिठाच्या गिरणीसारखी आहे. जोंधळे टाकले की पीठ मिळते, पण पिठापासून पुन्हा जोंधळे करता येत नाहीत. पुढच्या वेळी आपण पासवर्ड घातला की संकेतस्थळ तो नव्याने दळते आणि साठवलेल्या पिठाशी ताडून पाहते. दोन्ही जुळले तरच दार उघडते. मूळ पासवर्ड कंपनीच्या कर्मचाऱ्यांनाही दिसत नाही. त्यामुळे ‘पासवर्ड विसरलो’ असे कळवल्यावर एखादे संकेतस्थळ आपला जुना पासवर्ड जसाच्या तसा ईमेलने पाठवून देत असेल, तर तेथे दळण होतच नाही आणि धान्य उघड्यावर पडलेले आहे, हे ओळखावे.

धान्य उघड्यावर ठेवल्यास काय होते, ते डिसेंबर २००९ मध्ये दिसले. ‘रॉकयू’ नावाच्या अमेरिकी कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले आणि ते सर्व साध्या अक्षरांत लिहिलेले होते. त्यांत सर्वाधिक लोकांनी निवडलेला पासवर्ड होता ‘१२३४५६’. माणसे पासवर्ड कसे निवडतात, याची एवढी मोठी यादी तोवर कोणाच्या हाती लागलेली नव्हती. पासवर्ड फोडणाऱ्यांसाठी ती आजही बाराखडीसारखी आहे.

पण दळलेले पीठच चोरीला गेले तर? चोर त्याचे जोंधळे करू शकत नाही. मात्र तो स्वतःच्या घरी तशीच गिरण लावू शकतो. नेहमीचे पासवर्ड, माणसांची नावे, गावांची नावे, वर्षे, त्यांच्या जोड्या असे सगळे तो एकेक करून दळतो आणि चोरलेल्या पिठाशी ताडून पाहतो. येथे त्याला अडवायला कोणतेही संकेतस्थळ नसते, चुकीच्या प्रयत्नांची मोजणी नसते. २०१२ मध्ये ‘लिंक्डइन’वरून चोरीला गेलेल्या माहितीचे असेच झाले. त्या कंपनीकडे दळण होत होते, पण त्यात दोन उणिवा होत्या. पहिली अशी की प्रत्येकाच्या दळणात वेगळे मीठ घातलेले नव्हते. ‘मीठ’ हा शब्द मी उपमा जुळावी म्हणून आणलेला नाही. तंत्रज्ञही त्याला ‘सॉल्ट’ असेच म्हणतात. प्रत्येक खात्यासाठी वेगळी, आपोआप तयार झालेली काही अक्षरे पासवर्डात मिसळून मग दळले, तर एकच पासवर्ड असलेल्या दोन माणसांचे पीठही निराळे दिसते आणि चोराला प्रत्येक खात्यासाठी नव्याने गिरण चालवावी लागते. दुसरी उणीव म्हणजे गिरण फार वेगवान होती. चांगल्या कंपन्या त्यासाठी मुद्दाम संथ पद्धत वापरतात, म्हणजे गिरणीऐवजी जाते. आपले एकच दळण असल्याने आपल्याला तो वेळ जाणवत नाही, पण कोट्यवधी दळणे करू पाहणाऱ्या चोराचे हात भरून येतात. ‘लिंक्डइन’च्या सुमारे ११ कोटी ७० लाख खात्यांचे ईमेल पत्ते आणि पासवर्डची माळ २०१६ मध्ये विक्रीस आली, तेव्हा त्यांतील बहुसंख्य पासवर्ड फोडणे फारसे अवघड गेले नाही.

लांबी का महत्त्वाची, ते येथे हिशेबाने पटते. इंग्रजीची २६ लहान अक्षरे घेऊन आठ अक्षरी पासवर्ड केला तर सुमारे २०,८८३ कोटी शक्यता होतात. आकडा मोठा वाटतो, पण वेगवान पद्धतीचे दळण एका सेकंदाला ५,००० कोटी वेळा होते असे धरले, आणि आजच्या खेळांसाठीच्या ग्राफिक कार्डाला ते शक्य आहे, तर या सगळ्या शक्यता चार-पाच सेकंदांत संपतात. तीच अक्षरे बारा केली तर काम ४,५६,९७६ पटीने वाढते आणि तीन आठवडे लागतात. सोळा केली तर सुमारे सत्तावीस हजार वर्षे लागतात. अर्थात हा हिशेब अक्षरे चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तरच खरा. माणसाने मनाने निवडलेला शब्द एवढा काळ तग धरत नाही.

आपल्याकडे मनाने निवडलेले पासवर्ड कसे असतात, हे सांगायला कोणा संशोधकाची गरज नाही. मुलाचे नाव आणि त्यापुढे ‘@१२३’, कुलदैवताचे नाव, शिवरायांचे नाव, गाडीचा क्रमांक, जन्मसाल. सीमाभागात त्यात १९५६ (राज्य पुनर्रचनेचे वर्ष) आणि १९८६ (कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाचे वर्ष) या आकड्यांची भर पडते, कारण ते आपल्या जिव्हाळ्याचे आहेत. पण जो आकडा दर वर्षी फलकावर लिहिला जातो तो गुपित राहू शकत नाही. त्याऐवजी एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द इंग्रजी लिपीत लिहावेत, जसे कढई, पारवा, उसासा, तेरडा, भोवरा. असा पासवर्ड लांब होतो, ध्यानात राहतो आणि टंकायलाही सोपा जातो. हे पाच शब्द आता छापले गेले असल्याने ते मात्र कोणी वापरू नयेत. शब्द डोळे मिटून शब्दकोशाची पाने उघडून निवडावेत. गाण्याची ओळ, अभंगाचा चरण किंवा म्हण घेऊ नये, कारण एक शब्द कळला की पुढचे आपोआप कळतात.

पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलावा आणि त्यात एक मोठे अक्षर, एक अंक व एक चिन्ह असावे, हा जुना नियम अनेक कार्यालयांत अजून पाळला जातो. हा नियम ज्यावरून रूढ झाला, त्या २००३ सालच्या अमेरिकी मार्गदर्शिकेचे लेखक बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्याबद्दल खेद व्यक्त केला, आणि ती मार्गदर्शिका काढणाऱ्या ‘निस्ट’ या संस्थेने त्याच वर्षी सुधारित सूचनांत कारण नसताना पासवर्ड बदलायला लावू नये असे म्हटले. सक्ती केली की माणूस शेवटचा १ काढून २ लिहितो, एवढेच होते. पासवर्ड फुटल्याची शंका आली की मात्र त्याच दिवशी बदलावा.

याहून मोठी चूक म्हणजे एकच पासवर्ड सगळीकडे वापरणे. चोर एका संकेतस्थळाच्या चोरीतून मिळालेली ईमेल आणि पासवर्डची जोडी यंत्राकरवी शेकडो संकेतस्थळांवर लावून पाहतो. कोठल्या तरी कपड्यांच्या दुकानाच्या संकेतस्थळावर एकदाच नोंदणी केली होती आणि त्याने आपली माहिती नीट जपली नाही, तर आपल्या ईमेलचे दार उघडते. येथे आपला पासवर्ड सोळा अक्षरी होता की सहा अक्षरी, याने काही फरक पडत नाही. तेव्हा प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड हवा, आणि इतके पासवर्ड कोणाच्याही ध्यानात राहत नाहीत म्हणून पासवर्ड सांभाळणारे ॲप हवे. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींत अशी सोय मुळातच असते. ‘बिटवॉर्डन’सारखे स्वतंत्र ॲपही मिळते. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी वहीत लिहून ती कपाटात ठेवावी. वहीत पासवर्ड लिहू नयेत हा उपदेश मला फारसा पटत नाही. गावातील आपल्या कपाटापर्यंत पोहोचू शकणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात; एकच पासवर्ड सगळीकडे वापरणारा माणूस मात्र साऱ्या जगाला दार उघडून देतो.

झेरॉक्सच्या दुकानात उघडलेला ईमेल

आता त्या मागे उभ्या असलेल्या गोष्टीकडे वळू. आपल्याकडे कित्येकांचा पहिला ईमेल पत्ता स्वतः उघडलेला नसतो. महाविद्यालयाचा प्रवेश अर्ज, शिष्यवृत्ती, कर्नाटक सरकारच्या ‘सेवा सिंधू’ संकेतस्थळावरचे एखादे प्रमाणपत्र किंवा नोकरीचा अर्ज भरताना ईमेल विचारला जातो आणि झेरॉक्सच्या दुकानातला किंवा सेवा केंद्रातला मुलगा दोन मिनिटांत तो उघडून देतो. पासवर्ड तोच ठरवतो, बहुधा नाव आणि ‘@१२३’ या साच्यातला, आणि अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून देतो. गिऱ्हाइकाचा फोन घरी राहिलेला असला तर पडताळणीसाठी दुकानाचाच क्रमांक घातला जातो. यात कोणाचा वाईट हेतू नसतो; रांग लागलेली असते आणि अर्जाची मुदत संपत आलेली असते. पुढे तोच ईमेल फोनमध्ये येतो, त्यावर फोटो जमा होतात, फेसबुक, इन्स्टाग्राम, खरेदीची संकेतस्थळे आणि कधी बँकही त्याच पत्त्याला जोडली जाते.

माझ्या स्वतःच्या ईमेलचे हेच झाले होते. तो उघडून बरीच वर्षे झाल्यावर एकदा सहज सुरक्षेची माहिती तपासायला गेलो, तर पासवर्ड परत मिळवण्यासाठी नोंदवलेला क्रमांक माझा नव्हता, घरातल्या कोणाचाही नव्हता, आणि तो कोणाचा असावा हे आठवायलाही मला बराच वेळ लागला. तो क्रमांक ज्याच्याकडे होता त्याला ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून माझे दार उघडायला प्रयत्नही करावा लागला नसता. गूगल खात्यात ‘सिक्युरिटी’ या भागात जाऊन नोंदवलेला क्रमांक, पर्यायी ईमेल आणि आपले खाते सध्या कोणकोणत्या फोनवर व संगणकावर उघडे आहे, एवढ्या तीन गोष्टी पाहायला पाच मिनिटे पुरतात. अनोळखी यंत्र दिसले की ते तेथूनच बाहेर काढता येते. हा लेख पुढे वाचण्यापूर्वी कोणी ही पाच मिनिटे खर्च केली, तरी मला तक्रार नाही.

मोबाइल क्रमांकाची गोष्ट सीमाभागात आणखी गुंतागुंतीची आहे. निपाणी-चिकोडीकडील अनेकांकडे एक कर्नाटकातील आणि एक कोल्हापूर बाजूचे, अशी दोन सिम असतात. नोकरी बदलली, येणे-जाणे थांबले की एका सिमचे रिचार्ज होत नाही आणि काही काळाने ते बंद पडते. बंद पडलेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. आपण मात्र त्या क्रमांकाला जोडलेला ईमेल, व्हॉट्सॲप किंवा बँक खाते बदललेलेच नसते. नव्या मालकाने काहीही गैर न करता आपले ओटीपी त्याच्या फोनवर येऊ लागतात. सिम बंद पडू देण्यापूर्वी त्याला काय काय जोडलेले आहे हे शोधून बदलणे, एवढाच यावर उपाय आहे. आपल्या नावावर एकूण किती सिम चालू आहेत, ते दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर पाहता येते. ओळखीचा नसलेला क्रमांक दिसल्यास तेथेच कळवता येतो.

याउलट, चालू सिमच कोणीतरी हिरावून नेते तेव्हा त्याला ‘सिम स्वॅप’ म्हणतात. चोर आपल्या नावाची बनावट कागदपत्रे दाखवून आपल्याच क्रमांकाचे नवे सिम मिळवतो. त्या क्षणी आपल्या फोनची रेंज जाते आणि ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यानंतर सात दिवस तो क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, हा दूरसंचार नियामक ‘ट्राय’चा नियम याच फसवणुकीला आळा घालण्यासाठी आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज जाणे हे रोजचेच. परंतु शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या फोनला पूर्ण रेंज असताना आपल्याच फोनची तासन्‌तास गेली असेल, तर दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला विचारावे.

‘सुरक्षा प्रश्न’ नावाचा प्रकार अजून काही ठिकाणी शिल्लक आहे. आईचे माहेरचे आडनाव काय, हा प्रश्न ज्याने शोधला त्याने आपल्याकडची लग्नपत्रिका पाहिलेली नसावी. मामा-मामींच्या नावांसकट सगळे कुळ जेथे छापून गावभर वाटले जाते, तेथे हे गुपित कसले? अशा प्रश्नांची उत्तरे खुशाल खोटी द्यावीत आणि दिलेले उत्तर वहीत लिहून ठेवावे.

सहा आकडे आणि ते वाचून दाखवणारा

ओटीपी म्हणजे एकदाच वापरायचा पासवर्ड, हे आता सर्वांना ठाऊक आहे. तो कोणाला सांगू नये हेही प्रत्येकाने शंभर वेळा ऐकलेले आहे. तरीही तो सांगितला जातो, आणि सांगणाऱ्याला मूर्ख ठरवून आपण मोकळे होतो. सीमाभागात त्यामागे भाषेचाही भाग आहे. बँकेचा संदेश इंग्रजीत येतो, सरकारी योजनेचा कन्नडमध्ये, आणि घरातील आजी किंवा आई मराठी वाचणारी असते. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० रुपये जमा झाले का, हे पाहण्यासाठी फोन शेजारच्या मुलाच्या, दुकानदाराच्या किंवा केंद्रातील माणसाच्या हातात द्यावाच लागतो. आलेला संदेश दुसऱ्याला वाचायला देणे ही ज्यांची रोजची गरज आहे, त्यांना ‘ओटीपी कोणाला दाखवू नका’ एवढे सांगून भागत नाही. त्यात भर म्हणजे एरवी कन्नड किंवा हिंदीत येणाऱ्या फोनांच्या गर्दीत एखादा स्वच्छ मराठी बोलणारा ‘बँकेतला साहेब’ भेटला की आपले मन लगेच सैल होते. फसवणाऱ्याला हे कळत नाही, असे समजू नये.

घरातील ज्येष्ठांना संपूर्ण इंग्रजी शिकवणे शक्य नसले, तरी ‘क्रेडिट’ आणि ‘डेबिट’ हे दोन शब्द रोमन लिपीत ओळखायला शिकवता येतात: पहिला दिसला तर पैसे आले, दुसरा दिसला तर गेले किंवा जाणार आहेत. त्याचबरोबर, यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही, हेही पक्के करून घ्यावे. ‘पैसे जमा करतो, पिन टाका’ असे म्हणणारा माणूस त्याच वाक्यात स्वतःला उघडा पाडतो.

व्हॉट्सॲप जाते ते बहुतेक वेळा याच सहा आकड्यांनी. चोर त्याच्या फोनवर आपला क्रमांक घालून नोंदणी सुरू करतो, सहा आकडी कोड आपल्याकडे येतो आणि आपल्याच एखाद्या पाहुण्याच्या आधीच गेलेल्या खात्यावरून संदेश येतो, ‘चुकून तुमच्या नंबरवर कोड गेला, जरा पाठवा’. कोड पाठवला की खाते त्याचे. मग तो त्यावर स्वतःचा पिन लावतो आणि आपल्याला पिनशिवाय परत शिरायला सात दिवस थांबावे लागू शकते. तेवढ्या दिवसांत तो आपल्या नावाने भावकीतल्या सगळ्यांकडे हात पसरतो. व्हॉट्सॲपच्या ‘अकाउंट’ विभागात ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करून आपणच आधी सहा आकडी पिन लावला असेल, तर कोड हाती लागूनही त्याला आत येता येत नाही. व्हॉट्सॲपच्याच ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये आपले व्हॉट्सॲप आणखी कोठे जोडलेले आहे, हेही पाहावे, झेरॉक्सच्या दुकानात कागद छापण्यासाठी कधीतरी जोडलेला संगणक तेथे अजून दिसण्याचा संभव असतो. फोनवरून कोणी ‘*४०१*’सारखा कोड आणि पुढे एखादा क्रमांक दाबायला सांगितले तर दाबू नये, कारण अशा कोडने आपले येणारे फोन त्या क्रमांकावर वळू शकतात आणि फोनवर बोलून सांगितला जाणारा ओटीपीही तिकडेच जातो. चुकून दाबले गेले असल्यास ‘##००२#’ दाबून सगळे वळवलेले फोन पूर्ववत करता येतात.

संदेशातून येणाऱ्या ओटीपीपेक्षा फोनवरील ‘ऑथेंटिकेटर’ ॲप अधिक भरवशाचे असते. त्याची रचना मोठी सुबक आहे. सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन करताना संकेतस्थळ आपल्या फोनला एक गुप्त संख्या देते. त्यानंतर दर ३० सेकंदांनी फोन ती संख्या आणि त्या क्षणाची वेळ एकत्र दळून सहा आकडे काढतो. संकेतस्थळही त्याच वेळी तेच दळण करते, म्हणून दोघांचे आकडे जुळतात. मधल्या वाटेने कोणताही संदेश जात नाही, त्यामुळे सिम बदलून चोराला काही मिळत नाही, आणि जेथे अजिबात रेंज नाही अशा गावातही ॲप आकडे दाखवते, कारण त्याला केवळ घड्याळ लागते. फोन हरवला तर पंचाईत होऊ नये म्हणून संकेतस्थळ देत असलेले राखीव कोड कागदावर उतरवून त्या वहीतच ठेवावेत.

मात्र या ॲपचे आकडेही बनावट संकेतस्थळावर आपण स्वतः टंकले तर चोर ते त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळावर वापरतो. त्यावरचा उपाय ‘पासकी’ हा आहे. ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मे २०२२ मध्ये एकत्रितपणे त्याला पाठिंबा जाहीर केला आणि आता अनेक खात्यांवर ती सोय आहे. पासकीत किल्लीचे दोन भाग असतात. एक संकेतस्थळाकडे राहतो आणि दुसरा आपल्याकडे, अंगठ्याच्या ठशाने किंवा फोनच्या पिनने उघडणारा. संकेतस्थळाकडचा भाग चोरीला गेला तरी त्यावरून आपल्याकडचा तयार करता येत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही किल्ली त्या संकेतस्थळाच्या नेमक्या पत्त्याला बांधलेली असते. हुबेहूब बँकेसारखे दिसणारे पान आपल्या डोळ्यांना फसवील, पण पत्त्यात एका अक्षराचा फरक असला तरी फोन किल्ली बाहेर काढतच नाही. माणसाच्या सावधपणावर विसंबून नसलेला उपाय म्हणून मला तो या सगळ्यांत उजवा वाटतो.

फोनच ताब्यात गेला तर

वरील सगळी कुलुपे फोनमध्ये असतात, त्यामुळे फोनच चोराच्या हाती गेला तर ती निरुपयोगी ठरतात. आपल्याकडे हे मुख्यतः व्हॉट्सॲपवर आलेल्या ‘एपीके’ फाइलींमुळे घडते. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड, पीएम किसानचा हप्ता अशी नावे तिला दिलेली असतात. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते; ती उघडण्यासाठी ॲप बसवावे लागत नाही. नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते ॲप आहे, आणि ते बसवून संदेश वाचण्याची परवानगी दिली की ओटीपी आपल्याआधी चोर वाचतो. फोन दुरुस्त करून देतो म्हणून ‘स्क्रीन शेअर’ करायला लावणाऱ्या ॲपांचेही तेच. चुकून बसवले गेले तर आधी इंटरनेट बंद करावे आणि बँकेला कळवणे व पासवर्ड बदलणे ही कामे दुसऱ्या फोनवरून करावीत.

गेल्यावर काय करावे

पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर करावा, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात सरकत असते आणि ती वाटेत गोठवता येण्याची शक्यता दर तासाला कमी होते. त्याच वेळी बँकेला कळवून तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ठरवून दिलेल्या नियमांनुसार, चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून बाहेरच्या कोणाची असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल, तर ग्राहकावर भार पडत नाही. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवल्यास तो मर्यादित असतो. ओटीपी किंवा पिन आपण स्वतः दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून लाजेपोटी गप्प राहणे महाग पडते. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी असे नियम लागू झाले, परंतु गावोगावच्या पतसंस्था आणि कर्नाटकातील सौहार्द सहकारी संस्था या बँका नव्हेत. तेथे ऑनलाइन व्यवहार सुरू करण्यापूर्वी फसवणूक झाल्यास संस्था काय करणार, हे लेखी विचारून घ्यावे.

पोलिसांकडे जाताना बेळगाव शहरात आणि जिल्ह्यात ‘सीईएन’ ठाण्यात जावे. सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे तेथे पाहिले जातात. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क कलमाखाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. सिम महाराष्ट्रातील, बँकेची शाखा कर्नाटकातील आणि घटना प्रवासात घडली, अशी सीमाभागातील नेहमीची अडचण असली तरी हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार गुन्हा कोठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते आणि ठाणे ती शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठिकाणी पाठवते. सोबत व्यवहाराचा क्रमांक, बँकेचा संदेश, समोरच्याचा फोन क्रमांक आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट न्यावेत. रागाच्या भरात ते संभाषण पुसून टाकलेले असते, आणि नेमके तेच ठाण्यात सर्वांत आधी मागितले जाते.